उपनगरी स्थानक तांबाळवाडी: इतिहास व सेवा

तांबाळवाडी हॉल्ट एक मे १९७१ रोजी कायमचा बंद झाला.

आता हे वाक्य विसरून जायचं. तांबाळवाडीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गावाला जे ठाऊक नाही ते आपण आधीच ठाऊक करून घेऊन बसणं बरं दिसत नाही. तर हॉल्ट चालू होता. ऐन भरात चालू होता. रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मिरजेकडून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर तिथं थांबायची, भाजीच्या पाट्या आणि कॉलेजची पोरं आत चढायची, आणि आकाराम चौगुले गळ्यातली शिट्टी फुंकून गाडीला जायची परवानगी द्यायचा. गाडी त्याच्या परवानगीनं जात नसे, पण आजवर तिनं तसं बोलून दाखवलं नव्हतं.

आकाराम काही रेल्वेचा नोकर नव्हता. हॉल्टवर तिकिटं विकायचं कंत्राट तेवढं त्याच्याकडं होतं. पण गाव त्याला 'मास्तर' म्हणायचं, आणि या तीन अक्षरांसाठी तो उन्हातान्हात पत्र्याच्या खोक्यात बसायला तयार होता. कारण त्याआधीची सात वर्षं त्यानं कोल्हापुरात शाहूपुरीत काढली होती, मेहुण्याच्या गुळाच्या आडतीत. काम एकच. हातात फडकं घ्यायचं आणि ढेपांवरच्या गांधीलमाश्या हाकायच्या. मेहुणा वसंत गादीवर लोडाला टेकून मोठ्या आदरानं म्हणायचा, "दाजी, त्या डाव्या अंगाच्या बगा की जरा." माणसाला शिवी दिली तर विसरता येते, असा आदर विसरता येत नाही. वसंत अजूनही येणाऱ्याजाणाऱ्यापाशी निरोप धाडायचा, "दाजींची जागा रिकामीच ठेवलीया. माश्या बी तेवढ्याच हायत."

हॉल्ट चालू तोवर माश्या लांब होत्या.

आणि १९७३ च्या श्रावणात पोस्टानं तो कागद आला.

वर छापलं होतं, 'उपनगरी स्थानके: इतिहास व सेवा. माहितीपत्रक.' खाली दहा रकाने. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, ज्या स्थानकांना उल्लेखनीय इतिहास अथवा सेवा नाही, त्यांच्याबाबत फेरविचार करण्यात येईल. मोठ्या शहरांतल्या उपनगरांसाठी काढलेला हा कागद तांबाळवाडीला कसा आला, हे कुणी विचारलं नाही. गावाला एवढंच कळलं की वरच्या कचेरीनं तांबाळवाडीला उपनगर मानलं आहे. संध्याकाळपर्यंत दोन घरांनी गोठ्याला चुना मारला.

आकाराम मात्र 'फेरविचार' या शब्दाशीच अडकून बसला. त्याला त्या शब्दात गुणगुण ऐकू येत होती.

"काय न्हाई त्यात," त्याची बायको मीनाबाई म्हणाली. "जे हाय ते लिवा. जे न्हाई तितं न्हाई म्हणून लिवा."

"न्हाई कसं लिवायचं?" दारातनं पारूबाई आत येत म्हणाली. पारूबाई म्हणजे हॉल्टला लागून जिचा गोठा, ती. "लांबनं आलेलं पावणं हाय त्ये. पावण्याला कुणी न्हाई म्हणतं व्हय?"

आणि इथं सगळं बिघडलं. तांबाळवाडीत पावण्याला 'नाही' म्हणायची रीत नव्हती. घरात साखर नसली तरी 'च्या टाकलाय' म्हणायचं आणि मागच्या दारानं वाटी घेऊन शेजारी जायचं. शेजारी नसली तर शेजारणीनं तिच्या मागच्या दारानं जायचं. एकदा पावणं तिसऱ्या दिवशी उठलं तेव्हा साखर येऊन पोचली होती, पण 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. आता कागद झाला म्हणून काय झालं, टपालाचा शिक्का खाऊन, प्रवास करून आलेला तो. शिवाय त्याच्या शेवटी 'आपला विश्वासू' असं लिहिलं होतं.

म्हणून एकाही रकान्यात 'नाही' लिहायचं नाही असं ठरलं. आकारामच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीतच, बैठक बसली.

इतिहासाचा रकाना पारूबाईनं सांगितला. संस्थानच्या काळात तिच्या सासूची म्हैस रुळावर बसली. गाडी थांबली. म्हैस उठेना. तेवढ्यात गावातली चार माणसं गाडीत चढून बसली. दुसऱ्या दिवशी म्हैस पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या दिवशी अकरा माणसं. आठवड्यानं रेल्वेनं कंटाळून पाटी लावली. आकारामनं लिहिलं, 'सदर स्थानकाची स्थापना कै. म्हैस हिने केली. तिची पणती सध्या सेवेत आहे.'

"नाव लिवा," पारूबाई म्हणाली. "हौशी."

फलाट किती? 'एक. पावसाळ्यात मधून ओढा जात असल्याने दोन.' प्रतीक्षालय? मीनाबाईचा सोपा. पादचारी पूल या रकान्यापाशी बैठक बराच वेळ थांबली. शेवटी आकारामनंच तोड काढली, 'गाडी गेल्यावर संपूर्ण मार्ग पादचाऱ्यांस खुला असतो.' हरवलेल्या वस्तूंच्या पुढं लिहिलं, 'एक छत्री. गावाच्या वापरात आहे. मालक आल्यास उघडीप पाहून देण्यात येईल.'

ध्वनिक्षेपकाच्या रकान्यात अंबूबाई. अंबूबाई नदीपलीकडच्या रानात राबणाऱ्या नवऱ्याला जेवायला हाक मारायची, तेव्हा पलीकडच्या गावातली दोनतीन माणसंही घरी जेवायला जायची. गाडीचा धूर दिसला की ती आपल्या दारातनं सांगायची, "आली गं बया." एवढ्यानं सगळं गाव गोळा व्हायचं.

"माझं नाव नीट लिवा, मास्तर," ती म्हणाली. ती हळू बोलत होती, तरी सोप्यावरची भांडी वाजली.

राहता राहिला पेयजलाचा रकाना. हॉल्टला नळ नव्हता, विहीर नव्हती. पण दूध होतं. गाडी थांबली की पारूबाई फलाटाच्या कडेला हौशीला उभी करायची आणि कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर देतात तसं, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची. फेसाची मिशी आली की समजायचं, पेला पोचला. पहिला तांब्या इंजिनात, ड्रायव्हर जयसिंगला. हौशी इंजिनाची शिट्टी ऐकल्याशिवाय पान्हा सोडत नसे, तेव्हा पहिला मान त्याचाच, हा न्याय होता. आकारामनं लिहिलं, 'पेयजल: दूध. धारोष्ण.' पारूबाईनं पुढं जोडायला लावलं, 'कृपया जल मागू नये.'

कागद गेला. सगळीकडं 'नाही' लिहून पाठवला असता तर कचेरीत तो फायलीत लागला असता आणि फाईल फडताळात गेली असती. पण हा कागद वाचणारा माणूस, म्हणतात, वाचता वाचता खुर्चीतून उठला. दीड महिन्यानं पत्र आलं. तपासनीस नृसिंहराव टेंबे सेवांची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी गुरुवारी येत आहेत.

गुरुवारी नवाच्या आधीच सगळं गाव फलाटावर. हलगीवाले आले. हौशीच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू, पाठीवर ओल्या बोटांनी काढलेली स्वस्तिकं. आकारामनं मीनाबाईच्या भावानं दिवाळीला दिलेला कोट घातला. तो वसंतचा जुना होता आणि त्याला गुळाचा वास येत होता, पण दुसरा नव्हता.

"आली गं बया," अंबूबाईनं घोषणा केली.

गाडी आली. शिट्टी वाजली. थांबली. पहिल्या वर्गाच्या डब्यातनं एक चष्मा बाहेर डोकावला. चष्म्याच्या मागं नृसिंहराव टेंबे होते. त्यांनी गर्दीकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला.

"गाडी इथे का थांबली?"

आकारामला वाटलं, परीक्षा सुरू झाली. त्यानं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, "थांबतीच की, साहेब. रोज थांबती."

"तांबाळवाडीचं तिकीट मिळेना, म्हणून मी कोल्हापूरचं काढलंय," टेंबे म्हणाले. "कोल्हापुरात उतरून टांग्याने इकडे येणार होतो."

"टांगा कशाला, साहेब? स्टेशन हाय की."

टेंबे खाली उतरले. हलगी कडाडली, अंबूबाईनं 'पावणं आलं' असं तीन गावांना कळवलं, आणि या सगळ्या गोंधळात हौशीनं पान्हा चोरला.

हे म्हशीचं रास्तच होतं. तिनं आजवर शिट्टी ऐकून दूध दिलं होतं, हलगी ऐकून नव्हे. पारूबाईनं कास धुतली, पाठीवर हात फिरवला, पुढ्यात पेंड टाकली. हौशी आकाशाकडं बघत उभी राहिली. जयसिंग इंजिनातनं रिकामा तांब्या घेऊन खाली उतरला आणि मान हलवत बघत राहिला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. डब्यातली माणसं खाली उतरून बाभळीच्या सावलीत बसली.

टेंब्यांनी घड्याळ पाहिलं आणि सरळ जयसिंगपाशी गेले.

"ड्रायव्हर, गाडी का सोडत नाही?"

"म्हशीनं पान्हा चोरलाय, साहेब."

"आणि?"

"आणि काय? सोडंल की."

टेंब्यांनी बॅगेतून छापील वेळापत्रक काढलं, बोट फिरवत पानाच्या तळापर्यंत गेले, पुन्हा वर आले. तांबाळवाडी त्यात कुठंच नव्हतं. मग आकारामला हाताला धरून त्यांनी प्रतीक्षालयात, म्हणजे मीनाबाईच्या सोप्यावर नेलं आणि मऊ आवाजात विचारलं, "चौगुले, तुम्हाला शेवटचं पत्र कधी आलं?"

"ह्येच की. माहितीपत्रकाचं."

"त्याआधी? हॉल्ट बंद झाल्याचं?"

आता मात्र आपल्याला ते पहिलं वाक्य आठवलं तरी चालेल. रूळ रुंद झाले त्या साली जुन्या हॉल्टांची यादी झाली होती, तीत तांबाळवाडी कापलं गेलं होतं. पत्र निघालं होतं. ते 'स्टेशन मास्तर, तांबाळवाडी' या नावानं निघालं होतं, आणि असा कुणी मास्तर नोकरांच्या यादीत नसल्यामुळं निघालं त्याच टेबलावर परत आलं होतं. ज्या टेबलानं हॉल्ट बंद केला त्यानं माहितीपत्रक पाठवलं नव्हतं, आणि ज्यानं पाठवलं त्याला बंद केल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

"पण तिकिटं?" आकाराम म्हणाला. "मी तिकिटं इकतोय की."

"कुठली?"

"अडुसष्ट साली पेटी आली हुती. अजून अर्धी बी सरली न्हाई. आन पैसं म्हैन्याच्या म्हैन्याला वर जात्यात. पावती येती."

"येणारे पैसे कुठलंच खातं बंद करत नाही," टेंबे म्हणाले.

आकारामनं जयसिंगला हाक मारली. जयसिंग तांब्यासकट आला.

"जयसिंगबापू, हॉल्ट बंद झालाय ह्ये तुला ठावं हुतं?"

"व्हय की. दोन वर्सं झाली."

"मग थांबतोस कशाला?"

जयसिंग त्याच्याकडं असा बघत राहिला, जणू प्रश्न कानडीत आला आहे. "दुधाला," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची पाळी असली तर त्याला बी सांगून ठेवतो. मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल. मास्तर तुमी हाय, मी न्हवं."

आकाराम सोप्याच्या कडेवर बसला. दोन वर्षं तो रोज शिट्टी फुंकून एका तांब्याभर दुधासाठी थांबलेल्या गाडीला परवानगी देत होता. दोन वर्षं गाव मास्तर म्हणत होतं, आणि मास्तरच्या मागं स्टेशनच नव्हतं. कोटाचा वास एकाएकी वाढल्यासारखा वाटला. त्याला वसंतचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला, डाव्या अंगाच्या बगा की जरा.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी आता काय लिवणार?"

"काय लिहिणार? हॉल्ट बंद आहे. बंद हॉल्ट बंद करता येत नाही. आणि चालू आहे म्हणावं, तर तो बंद आहे."

"मग लिवा काय बी," मीनाबाई आतून चहाचे कप घेऊन येत म्हणाली. "ह्यांनी सात वर्सं माश्या हाकल्यात, आणि सात हाकतील. फकस्त दादाला आधी कळवू नका. लई हासतंय ते."

ती हे असं सहज म्हणाली की आकारामला ते सगळ्यात जास्त लागलं.

पारूबाई दारात उभी होती. धारेचं भांडं काखेत, हात कोरडे. "साहेब," ती म्हणाली, "एक इचारू का?"

"विचारा."

"तुमी आता हाय कुटं?"

"म्हणजे?"

"न्हाई, म्हंजे स्टेशन तर न्हाई म्हणता. मग तुमी उतरला कुटं?"

टेंबे हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी बॅगेतून आपला दौऱ्याचा हुकूम काढला. त्यात लिहिलं होतं, 'तांबाळवाडी स्थानकाची पाहणी.' खाली वरिष्ठांची सही. म्हणजे नृसिंहराव टेंबे, एकवीस वर्षांची निष्कलंक नोकरी, सरकारी वेळेत, सरकारी बॅग घेऊन, अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी पाहणी करत होते. तसं लिहिलं तर ते स्वतः आजच्या दिवसभर गैरहजर ठरत होते. आणि इथं हजर होते असं लिहिलं, तर कोल्हापूरचं तिकीट असलेला माणूस मधेच उतरलेला ठरत होता.

त्यांनी चहा बशीत ओतला. "अवघड आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते आकारामशेजारी, सोप्याच्या कडेवर, पाय खाली सोडून बसले.

बाहेर हलगीवाले दमले होते. सगळं शांत झालं. जयसिंगला काय वाटलं कुणास ठाऊक, तो इंजिनात चढला आणि त्यानं शिट्टीची साखळी ओढली. हौशीनं मान खाली घेतली. पारूबाई धावत गेली, आणि भांड्यात पहिली धार वाजली.

भरलेला पहिला पेला आज साहेबांना आला. हा जयसिंगचा मान होता, पण पावण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. टेंब्यांनी तो एका दमात संपवला आणि मिशी पुसायची राहूनच गेली. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

"चौगुले, गाडी आज किती उशिरा निघतेय?"

"तीस-चाळीस मिनिटं झाली असत्याल."

"आणि रोज?"

"चार मिनिटं. तांब्या भराय तेवढी लागत्यातच."

"उशीर झाला तर गाडी कुठे उभी होती, असं कोणी विचारतं?"

"कोण इचारतंय? उशीर म्हंजे उशीर."

"बरोबर," टेंबे म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता कचेरीत असल्यासारखा झाला. "हॉल्टला मंजुरी लागते. विलंबाला कारण लागतं. विलंब मात्र आमच्याकडे पूर्वापार मान्य आहे. मी आज इथे उतरलो नाही. मी गाडीतच होतो. गाडीला विलंब झाला, आणि मी विलंबात पाय मोकळे केले. तुम्हीही हॉल्टवर नाही. तुम्ही विलंबात आहात. गेली दोन वर्षं, रोज चार मिनिटं."

आकारामनं यावर विचार केला. "मग लोक मला काय म्हणतील?"

"ते विलंबावर अवलंबून आहे. तो कायम झाला, तर त्याला कोणीतरी लागणारच."

"अर्ज लिवायचा का?" पारूबाईनं विचारलं.

"लिहायचाच," टेंबे म्हणाले. "मंजूर होईल असं नाही."

"नामंजूर तरी हुईल?"

टेंब्यांनी एकवीस वर्षं मनाशी चाळून पाहिली. "तेही कठीण आहे," ते म्हणाले. "नामंजूर करायला आधी कोणीतरी तो वाचावा लागेल. निकाल लागेपर्यंत मात्र आहे ते आहे तसं ठेवावं लागतं. नियम आहे."

आकाराम उठला. आतून दौत आणि टाक घेऊन आला. जयसिंग म्हणाला, व्हऊ द्या निवांत, आजचा उशीर झालाच हाय. डब्यातली माणसं सोप्याभोवती गोळा झाली. कॉलेजच्या एका पोरानं 'विलंब' या शब्दाआधी 'सन्माननीय' घालायला सांगितलं, ते घातलं गेलं नाही. शब्द टेंब्यांनी सांगितले, अक्षर आकारामचं, आणि पारूबाईनं प्रत्येक ओळीनंतर 'बरुबर' म्हटलं.

महोदय,

नम्र विनंती की, मिरज-कोल्हापूर पॅसेंजर गाडीस मौजे तांबाळवाडीच्या हद्दीत रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी होणाऱ्या चार मिनिटांच्या विलंबास कायमस्वरूपी मंजुरी मिळावी. सदर विलंबाची नोंद वेळापत्रकात ठळक अक्षरांत व्हावी. विलंबावर देखरेख ठेवण्यासाठी 'विलंब मास्तर' हे पद निर्माण करून त्यावर श्री. आकाराम चौगुले यांची, कोटासह, नेमणूक व्हावी. विलंबात चढणाऱ्या व उतरणाऱ्या प्रवाशांस नियमाप्रमाणे तिकीट आकारण्यात यावे. आणि कोणत्याही कारणाने गाडी वेळेवर धावल्यास, त्याबाबत संबंधितांची सखोल चौकशी होऊन दोषींवर कडक कारवाई करण्यात यावी, ही विनंती.